रात्रीची लाईट आणि ‘हम दोनो’

द्राक्षाची गोडी छाटणी उरकली की आठवडाभर माझ्या उजव्या अंगठ्याखाली कातरीचा घट्टा ठणकतो. गिटारचे घट्टे डाव्या हाताच्या बोटांवर. दिंडोरीत पहिल्याचं कौतुक होतं, दुसऱ्याचं हसू.

या आठवड्यात शेतीची थ्री-फेज लाईट रात्री बाराला येते. तोवर मळ्यातल्या शेडमध्ये हेडफोन लावून मी गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा ऐकत बसतो. मूळ गोव्याचं घराणं, जन्म मुंबईचा, १९३६ सालचा. साठच्या दशकात लंडनला गेला आणि १९६९ मध्ये त्याच्या दोन रेकॉर्डी आल्या : ‘इंटिग्रेशन’, आणि जमैकात जन्मलेल्या सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरची ‘हम दोनो’. चाल जॅझची, सुरांना वास रागदारीचा. मुंबईतल्या कितीतरी गोवेकर वादकांनी हिंदी सिनेमाची गाणी उभी केली, पण श्रेयनामावलीत त्यांना जागा मिळाली नाही. याचं नाव निदान कव्हरवर आहे.

‘हम दोनो’तल्या ‘बॅलड फॉर गोवा’मधला चार सेकंदांचा तुकडा निम्म्या वेगानं उतरवून घेतोय. सूर दहा मिनिटांत सापडले, वाजवले, आणि शाळेतल्या पेटीसारखे सपाट निघाले. अडलं होतं ते दोन सुरांच्या मधे. म्हणून मी माझ्यापुरता मींडेचा, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, रस्ता धरला.

गिटारची तार आडवी ढकलली की सूर चढतो, उतरत कधीच नाही. उतरती मींड हवी तर तार आधी गुपचूप वर ढकलून ठेवायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडायची. किती ढकलायची हे सांगायला तिथं पडदा नसतो, छेडेपर्यंत कानही काही सांगत नाही. अनामिकेला एकटीला झेपत नाही; मधलं बोट आणि तर्जनी मागून रेटा देतात. त्यात माझी गिटार साधी. तिची तिसरी तार गुंडाळलेली, दोरखंडासारखी हट्टी. मी मुकाट्यानं दुसऱ्या तारेवर आलो. तीसेक वेळा चुकलो.

बाराला लाईट आली, ऑटो-स्टार्टरचा खटका पडला आणि विहिरीवरची मोटर चालू झाली. स्टार्टरच्या पेटीची गुणगुण शंभर हर्ट्झची. सहाव्या तारेचा तिसरा पडदा दाबला तर अठ्ठ्याण्णव. दोन्ही सुरांची हलकी थरथर ऐकू येत होती. तार केसभर ढकलली, थरथर थांबली.