गाडीची क्लच प्लेट नेमकी कधी बदलायची?

आंबा घाटाचा चढ, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर सरकतो, पण गाडी काही उचलत नाही. याला गॅरेजवाले ‘क्लच स्लिप होतोय’ म्हणतात. शहरात सपाट रस्त्यावर हे महिनोन् महिने लक्षात येत नाही, कारण तिथे इंजिनवर एवढा लोड नसतो.

इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते ती क्लच प्लेटमुळे. प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते आणि सगळं काम घर्षणावर चालतं. तिच्यावरचा थर झिजला की पकड सुटते. मग जळका वास येतो, पेट्रोल जास्त लागतं.

हा थर किती किलोमीटर टिकेल? काही गाड्यांची प्लेट लाखभर किलोमीटर सहज जाते, काहींची त्याच्या निम्म्यातच संपते. फरक बहुतेकदा डाव्या पायाचा असतो. सिग्नलला चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं, गाडी चालवताना पाय पेडलवरच ठेवणं, या सवयी प्लेट खातात.

शंका असेल तर मोकळ्या, सपाट जागेत हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर पकड ठीक आहे. चालूच राहिलं तर गाडी गॅरेजला न्या. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नका, तिनेही प्लेट झिजते.

नुसते गिअर अडकत असतील, तर लगेच प्लेटचा खर्च मान्य करू नका. क्लच केबल ढिली झालेली असू शकते किंवा हायड्रॉलिक क्लचचं ऑइल गळत असू शकतं. ही कामं बरीच स्वस्तात होतात.

प्लेट बदलायला मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी जाते ती त्यातच. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट एकदम बदलतात. फक्त प्लेट टाकून हजार-दोन हजार वाचवले आणि सहा महिन्यांत बेअरिंग वाजायला लागलं, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. स्लिप होत असतानाही गाडी रेटत राहिलं, तर फ्लायव्हील तापून खराब होतं आणि बिलात तेही येतं.