वीस मिनिटांच्या कोर्समागचे तास

चाकणमधला सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. प्रेस मशीनमध्ये पत्रा अडकला, तर हात घालण्याआधी वीजपुरवठा तोडायचा, स्विचला कुलूप लावायचं, आपल्या नावाचा टॅग अडकवायचा आणि मशीन खरंच मेलंय ना, हे बटण दाबून बघायचं. एवढंच शिकवायचं आहे. नव्या कामगारांसाठी मोबाइलवर बघता येईल असा वीस मिनिटांचा मराठी कोर्स करायचं ठरतं आणि बैठकीत पहिला प्रश्न येतो: "वीस मिनिटांचंच तर आहे, आठवड्यात होईल ना?"

होत नाही.

या कामाच्या अंदाजासाठी ज्या आकड्यांचा आधार बरेचदा घेतला जातो, ते अमेरिकेतल्या चॅपमन अलायन्सने २०१० मध्ये प्रसिद्ध केले. शेकडो संस्थांकडून गोळा केलेल्या माहितीचा निष्कर्ष असा होता: वर्गात घ्यायच्या एका तासाच्या प्रशिक्षणाच्या तयारीला सरासरी ४३ तास लागतात. तोच एक तास साध्या ई-लर्निंगचा असेल, म्हणजे मजकूर, चित्रं आणि शेवटी चार प्रश्न, तर ७९ तास. ॲनिमेशन, आवाज आणि कृती असलेल्या मधल्या दर्जाच्या कोर्सला १८४. खऱ्या कामाचा आभास निर्माण करणाऱ्या सिम्युलेशनला ४९०. आकडे जुने आहेत आणि आज हाताशी असलेली साधनं त्या वेळेपेक्षा वेगवान आहेत. तरी त्या आकड्यांमधलं एकमेकांशी असलेलं प्रमाण डोळे उघडणारं आहे. कोर्स किती मिनिटांचा, यापेक्षा तो बघणाऱ्याकडून काय करवून घेणार, यावर मेहनत ठरते.

चाकणचा कोर्स मधल्या दर्जाचा धरला, तर वीस मिनिटांना साधारण ६१ तास होतात. म्हणजे एका माणसाचे आठ दिवस. मग असे कोर्स दीड-दोन महिने का रेंगाळतात? कारण तास आणि दिवस या वेगळ्या गोष्टी आहेत. स्टोरीबोर्ड, म्हणजे पडद्यागणिक मजकूर आणि चित्रांचा कच्चा आराखडा, लिहायला दोन दिवस लागतात आणि तो तपासून यायला दोन आठवडे.

तपासणारा माणूस म्हणजे विषयतज्ज्ञ. या धंद्यात सगळे त्याला 'एसएमई' म्हणतात. कारखान्यात हा एसएमई बहुधा सेफ्टी ऑफिसर असतो आणि त्याचा दिवस ऑडिट, शिफ्ट, कंत्राटदारांचे परवाने यात आधीच भरलेला असतो. कोर्स तीस पडद्यांचा धरू. प्रत्येक पडद्याला दहा मिनिटं दिली, तरी एका वाचनाला पाच तास जातात. स्टोरीबोर्ड, आवाज बसवलेली आवृत्ती आणि अंतिम आवृत्ती अशी तीन वाचनं झाली की पंधरा तास, म्हणजे जवळजवळ दोन शिफ्ट. हे पंधरा तास अंदाजपत्रकात सहसा कुठेच दिसत नाहीत, कारण त्यांचं बिल येत नाही. खरं तर ते आराखड्याच्या पहिल्याच ओळीत हवेत, त्या अधिकाऱ्याच्या साहेबांच्या संमतीसह.

त्याच्या नजरेची किंमत एका पडद्यावर दिसते. समजा, चौदाव्या पडद्यावर वाक्य आहे, "मशीन बंद करा," आणि शेजारी लाल आपत्कालीन बटणाचं चित्र. लिहिणाऱ्याला आणि चित्रकाराला त्यात काहीच खटकत नाही. सेफ्टी ऑफिसर मात्र तिथेच थांबतो. त्या बटणाने मशीन थांबतं, पण पॅनेलपर्यंत वीज आलेली असतेच. कुलूप लागतं ते मेन आयसोलेटरला, म्हणजे वीजपुरवठाच तोडणाऱ्या मुख्य स्विचला. ही चूक स्टोरीबोर्डमध्येच सापडली, तर एक ओळ बदलायची आणि एक चित्र. रेकॉर्डिंगनंतर सापडली, तर निवेदकाला पुन्हा बोलवा, आवाज आणि ॲनिमेशनचा मेळ पुन्हा बसवा, प्रश्नांमधला पर्याय सुधारा, सगळं पुन्हा तपासा. सापडलीच नाही, तर कामगाराचा हात प्रेसमध्ये आणि वीज चालू.

अनुभवी माणसंसुद्धा वेळेचा अंदाज का चुकवतात, याचं एक प्रसिद्ध उदाहरण अभ्यासक्रम लिहिण्याच्या कामातलंच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन इस्रायलमध्ये शाळांसाठी निर्णयप्रक्रियेचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करत होते. काम नीट चाललं होतं. एके दिवशी त्यांनी गटातल्या प्रत्येकाला पुस्तक कधी पुरं होईल ते लिहायला सांगितलं. उत्तरं दोन वर्षांच्या आगेमागे आली. अभ्यासक्रमतज्ज्ञ सेमूर फॉक्स यांनीही तसंच लिहिलं होतं. मग कानेमन यांनी फॉक्सना विचारलं, की तुम्ही पाहिलेल्या अशा इतर गटांना किती वेळ लागला? फॉक्स गप्प झाले. सुमारे ४० टक्के गटांनी काम पुरंच केलं नव्हतं आणि ज्यांनी केलं, त्यांना सात ते दहा वर्षं लागली होती. ही माहिती पूर्ण वेळ त्यांच्याच डोक्यात होती, पण स्वतःचा अंदाज लिहिताना तिची आठवण झाली नाही. ते पुस्तक शेवटी त्या दिवसानंतर आठ वर्षांनी पुरं झालं.

म्हणून मागच्या कोर्सच्या नोंदी सोन्याच्या मोलाच्या. कोणत्या कामाला किती तास गेले आणि कुठे किती दिवस वाट पाहिली, हे साध्या एक्सेलमध्ये लिहिलेलं असेल, तर पुढचा अंदाज त्यावरून बांधता येतो. नोंदी नसतील, तर अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात १९५८ मध्ये पुढे आलेली तीन आकड्यांची रीत कामी येते. सगळं सुरळीत झालं तर ४० दिवस, बहुधा ५५, सगळं बिघडलं तर १००. मधल्या आकड्याला चारपट वजन द्यायचं, तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं. उत्तर येतं ६०. पंचावन्न नव्हे. बैठकीत सांगायचा आकडा हा.

मराठी कोर्सची आणखी एक गरज असते. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात मराठी मजकूर मावत नाही, काही फाँटमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि 'आयसोलेटर'ला भाषांतरकार 'विलगक' लिहून मोकळा होतो. शॉप फ्लोअरवर तो शब्द कोणी बोलत नाही. कामगारांपैकी दोघा-तिघांना मसुदा दाखवायला अर्धा दिवस ठेवावा. तो वाया जात नाही.

आणि कोर्स तयार झाला तरी हिशेब संपत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा समजावणाऱ्या कोर्समध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-अ चा उल्लेख असे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्या कलमाच्या जागी कलम ७५ आलं. पडद्यावरचा आकडा पाच मिनिटांत बदलतो. पण निवेदकाच्या तोंडी "तीनशे चौपन्न अ" असेल, तर तोच निवेदक, तोच माइक आणि तीच पट्टी पुन्हा जमवावी लागते. मूळ फाइल जपल्या नसतील, तर तो भाग नव्याने बांधावा लागतो.

चाकणच्या त्या कारखान्यातही कधीतरी नवी प्रेस येईल आणि तिचा आयसोलेटर दुसऱ्या बाजूला असेल. चौदावा पडदा पुन्हा काढायचे तास आणि तो तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आजच्याच आराखड्यात लिहिता येतं.