तुकडा नको, रस्साही नको

मगरिबच्या अजानला पाचेक मिनिटं उरलेली असतात. दस्तरखानावर खजूर, फळं, सरबत, भजी मांडलेली असतात. कोकणातलं बंदराचं गाव असेल तर सुरमईच्या तळलेल्या तुकड्यांचं ताटही असतं. घरच्यांसोबत शेजारी, कामावरचे सहकारी, मुलांचे मित्र बसलेले असतात. एखादा पाहुणा हळूच म्हणतो, "मला मासळी चालत नाही." घरातलं वडीलधारं माणूस मायेनं म्हणतं, "बरं, तुकडा नको, पण थोडा रस्सा तरी घ्या!"

'चालत नाही' या शब्दांमागे कारणं अनेक असतात. कुणाचा वार असतो, कुणाला वास सोसत नाही. पण कुणाचं शरीरच मासळीशी वैर धरतं. अशा पाहुण्याच्या बाबतीत हा मायेचा आग्रह जिवावर बेतू शकतो.

माशाच्या स्नायूंमध्ये पार्व्हाल्ब्युमिन नावाचं एक लहानसं प्रथिन असतं. मासळीची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना त्रास होतो तो याच प्रथिनाचा. ते सहजी मोडत नाही. मासा तळला, उकळला तरी त्याचा त्रासदायक गुण बराचसा टिकून राहतो. ते पाण्यात विरघळतं, म्हणून रश्श्यातही उतरतं. तुकडा बाजूला काढला तरी धोका ताटातच राहतो. निरनिराळ्या माशांमधलं हे प्रथिन बरंचसं सारखं असल्यामुळे एका माशाचा त्रास होणाऱ्याला अनेकदा दुसऱ्या माशांचाही होतो.

ॲलर्जीच्या शास्त्रातला एक मोठा शोध मासळीमुळेच लागला. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये, हाइन्त्स क्युस्टनर नावाचे डॉक्टर होते. त्यांना मासळी खाल्ली की त्रास व्हायचा. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना तो होत नसे. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लगेच लाल गांध उठली. ॲलर्जीचं कारण रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येतं, हे 1921 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगानं दाखवलं. रक्तातला तो घटक म्हणजे 'आयजीई' ही प्रतिपिंडं, हे 1960च्या दशकात स्पष्ट झालं. ॲलर्जी म्हणजे लाड किंवा नखरे नव्हेत, याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा पुरावा.

कोळंबी आणि खेकड्याची गोष्ट वेगळी. तिथे मुख्य दोषी ट्रोपोमायोसिन हे दुसरं प्रथिन असतं. म्हणून कोळंबी न चालणाऱ्या एखाद्याला पापलेट चालू शकतं. मात्र कुणाला काय चालेल हे तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचं. दावतीत चाखून बघायचं नाही.

प्रत्येक त्रास ॲलर्जीचा नसतो, हेही खरं. बांगडा किंवा कुपा वेळेवर बर्फात ठेवला नाही तर जिवाणूंमुळे त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. तो मासा खाल्ला की तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. असा त्रास बहुधा एकाच पंगतीतल्या अनेकांना होतो. तो दोष माशाच्या साठवणीचा असतो.

खऱ्या ॲलर्जीत ओठ, जीभ सुजते, उलट्या होतात, घसा आवळतो, श्वास अडकतो, चक्कर येते. अशा वेळी नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून घरी थांबू नये. मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला उभं करू नये, चालवू नये, आडवं झोपवावं. श्वास लागत असेल तर बसू द्यावं. सहरीनंतर असं झालं तरी औषधासाठी इफ्तारची वाट पाहू नये. कुरआननं आजाऱ्याला सवलत दिली आहे. राहिलेला रोजा नंतर ठेवता येतो.

इफ्तारच्या स्वयंपाकघरात खरी गफलत होते ती कढईत. मासे तळलेल्या तेलातच भजी सोडली जातात, एकच झारा दोन्हीकडे फिरतो. चटणीत सुका जवळा आहे, हे पाहुण्याला कुणी सांगत नाही. काहींना तर मासळी शिजतानाच्या वाफेनंही त्रास होतो.

उपाय खर्चाचा नाही. निमंत्रण देतानाच विचारावं, "काही खाण्याचा त्रास आहे का?" अशा पाहुण्याची भजी ताज्या तेलात, स्वच्छ कढईत, मासळीला हात लावण्याआधी तळावीत आणि त्याचं ताट वेगळं झाकून ठेवावं. आणि त्यानं "नको" म्हटलं, तर पुन्हा आग्रह न करता खजुराची बशी त्याच्यापुढे सरकवावी.