हंगाम संपतो तेव्हा

२०२५ च्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून एक लहानशी नारिंगी जर्सी खाली आली. माळा आवरण्याचे काम आमच्याकडे ठरलेल्या पद्धतीने चालते. मी शिडीवर उभा राहून एकेक वस्तू खाली देतो आणि सौभाग्यवती ती हातात धरून विचारतात, "ठेवायची की द्यायची?" मोडकी छत्री, बिनझाकणाचे डबे, कुणाच्या तरी मुंजीत आलेली परात, यांच्याबाबत मी सहसा वाद घालत नाही. त्या जर्सीपाशी मात्र अडलो.

"अहो, सात वर्षांच्या पोराची आहे ही. आता तो तुमच्या खांद्याच्या वर गेलाय. द्यायची ना?"

"राहू दे," मी म्हणालो. का राहू दे, ते काही मला शिडीवरून सांगता येईना. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्यांना फुटबॉलचा नाद नाही अशा वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करतो. क्रिकेटला हल्ली हंगाम म्हणून उरलेला नाही. बारा महिने कुठे ना कुठे चेंडू पडतच असतो. फुटबॉलचा हंगाम अजून पिकासारखा आहे. पेरणी, वाढ, कापणी, आणि मग चारपाच महिने जमीन मोकळी. आपला संघ जिंको वा हरो, ते मोकळे दिवस शौकिनाला चुकल्याचुकल्यासारखे जातात. संध्याकाळी पाय उगीच दाराकडे वळतात. घरची मंडळी म्हणतात, "आता तरी भाजी आणाल." पण त्या उदासपणाची गोडीही असते. अनंतचतुर्दशीला रिकामा पाट घेऊन घरी परतणाऱ्या माणसासारखी ती अवस्था. घसा बसलेला, डोळे जड. पण "पुढच्या वर्षी लवकर या" असे तो सांगून आलेला असतो, आणि गणपती येणार याबद्दल त्याला तिळभरही शंका नसते.

आमची विश्रांतवाडी आळंदी रस्त्यावर. ज्येष्ठात माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्यात शिरते. अलीकडे खडकीची छावणी, पलीकडे दिघीचा लष्करी मुलूख. त्यामुळे या भागाला फुटबॉल नवा नाही. आमच्या वरच्या मजल्यावर खडकीच्या सॅपर्समधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब राहतात. मॅच म्हटली की त्यांचे दुखरे गुडघे दुखायचे थांबतात. अडचण एवढीच, की पुण्याचे मोठे सामने व्हायचे बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात. म्हणजे आमच्यापासून शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला. होळकर पूल, खडकी, विद्यापीठाचा चौक, बाणेर रस्ता, असे स्कूटरवरून धूळ खात जायचे आणि मध्यरात्री तसेच परत यायचे.

ही वारी मी २००९ साली सुरू केली. त्या वर्षी पुणे एफसी हा संघ आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तर तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग उपविजेता ठरला. सदाशिव पेठेतल्या माझ्या मित्रांना याचा पत्ताही नव्हता. मी मात्र त्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासताना नेहमीपेक्षा सढळ हाताने गुण दिले असावेत. पुढे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग निघाली आणि तिच्यात एफसी पुणे सिटी हा दुसरा संघ आला. नावातला हा घोळ आमच्या मातुःश्रींना शेवटपर्यंत उलगडला नाही. "एफसी पुढे असली की वेगळे आणि मागे असली की वेगळे, हे कसले रे?" असे त्या विचारीत. २०१५ च्या जानेवारीत पुण्यातलाच भारत एफसी हा तिसरा संघ मैदानात उतरला. त्यानंतरच्या हंगामात डीएसके शिवाजियन्सही आय-लीगमध्ये आले. फुटबॉलच्या बाबतीत पुण्याची अशी चैन पूर्वी कधी झाली नव्हती.

आता त्या जर्सीकडे येतो. ७ मार्च २०१८, बुधवार. एफसी पुणे सिटी प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला होता आणि पहिला सामना बालेवाडीत होता, तोही सुनील छेत्रीच्या बेंगळुरूशी. चिरंजीवांचे वय सात. दुसऱ्या दिवशी त्याची शाळा आणि माझा सकाळचा पहिला तास. तरीही आम्ही गेलो. जर्सी त्याच दिवशी घेतली. पाठीवर नंबर घालण्याचे पैसे वेगळे पडत होते, म्हणून नंबर घातला नाही. सामना झाला शून्य-शून्य. परतताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, कोणीच नाही जिंकलं? मग आपण आलो कशाला?" उत्तर जुळवीत होतो तोवर तो पाठीवर डोके टेकून झोपलाही. आईच्या ओढणीने मी त्याला कमरेशी बांधून घेतले होते. रात्रीच्या गार वाऱ्यात खडकीच्या झाडांखालून स्कूटर हळूहळू चालवताना वाटले, हा पोरगा हे विसरणार नाही.

दुसरा सामना रविवारी, बेंगळुरूला. तो घरीच दूरदर्शनसंचापुढे पाहिला. पंधराव्या मिनिटाला छेत्रीने गोल केला. उत्तरार्धात पेनल्टीवर दुसरा. मग ब्याऐंशीव्या मिनिटाला आमच्या जोनाथन लुकाने फ्री किकवर चेंडू जाळ्यात घातला, आणि वरच्या मजल्यावरून सुभेदारसाहेबांनी काठीने जमीन ठोकली. आणखी एक गोल, की बरोबरी! पण गोल झाला तो छेत्रीचाच, तिसरा. चिरंजीव भिंतीकडे तोंड करून रडू लागले. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणालो, "असू दे रे. पुढच्या हंगामात."

बापाच्या तोंडून असली वाक्ये किती सहज जातात! पुढचा हंगाम आला, पण तो कटकटींचा गेला. प्रशिक्षक बदलले, दहा संघांत आमचा सातवा क्रमांक लागला. २०१९ च्या सुरुवातीला मी पाहिलेल्या शेवटच्या सामन्यानंतर बाहेरच्या चहावाल्याचे पैसे दिले आणि म्हणालो, "भेटू आता ऑक्टोबरात." तो म्हणाला, "या, साहेब." तेवढाच निरोप. ऑगस्टच्या अखेरीस वर्तमानपत्रात बातमी आली, की मालकांच्या आर्थिक ओढाताणीमुळे एफसी पुणे सिटी लीगमधून बाहेर पडला आहे आणि त्याच्या जागी हैदराबादचा नवा संघ खेळणार आहे.

"म्हणजे ते हरले म्हणून बंद केलं?" चिरंजीवांनी विचारले.

"नाही रे."

"मग?"

हरणे त्याला कळत होते. हरल्यावर रडायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा जायचे, हे तो शिकला होता. ही नवीन गोष्ट त्याला कशी समजावावी? या लीगमध्ये तेव्हा तळाला गेलेला संघसुद्धा खालच्या वर्गात ढकलला जात नसे. खेळण्याचा हक्क मालकाने पैसे मोजून घेतलेला असे. तिकिटांचे उत्पन्न खर्चाच्या मानाने किरकोळ. त्यामुळे संघाची नाडी मैदानात नसून मालकाच्या धंद्यात. तिकडे ओढ लागली की इथे मैदानावर कितीही गोल करा, उपयोग नाही. भारत एफसी एकाच हंगामानंतर थांबला. पुणे एफसीनेही २०१५ मध्ये आपला संघ आवरला. शिवाजियन्सचा कारभार २०१७ मध्ये आटोपला. दहा वर्षांत चार संघ आले आणि चारही गेले, आणि आम्ही प्रत्येक वेळी भाबडेपणाने "भेटू ऑक्टोबरात" म्हणत राहिलो.

त्यानंतरची माझी अवस्था सासरी गेलेल्या मुलींची खुशाली विचारणाऱ्या म्हाताऱ्यासारखी झाली. आमचा गोलरक्षक विशाल कैथ चेन्नईला गेला, तिथून कोलकात्याला. पुण्यातच तयार झालेला आशिक कुरुनियन बेंगळुरूला आणि मग तोही कोलकात्याला. २०२३ मध्ये मोहन बागानने लीग जिंकली तेव्हा हे दोघेही त्या संघात होते. मी टाळ्या वाजवल्या, पण हात जरा परक्यासारखे वाजले. त्याच्या आदल्या वर्षी तर आमच्या जागी आलेला हैदराबादचा संघच विजेता झाला होता. त्या रात्री मी लवकर झोपलो. आणि २०२५ मध्ये तोही संघ हैदराबाद सोडून दिल्लीला गेला! हैदराबादेतही कुणाच्या तरी माळ्यावर आता एक लहान जर्सी पडलेली असेल.

या सगळ्याचा उलगडा मला झाला तो कोल्हापुरात. सौभाग्यवतींचे माहेर तिथल्या शिवाजी पेठेत. २०१९ च्या भाऊबीजेला गेलो असताना मी सासऱ्यांना आमच्या संघाची कहाणी सांगितली. फुटबॉलच्या बाबतीत ते आमच्यापेक्षा कितीतरी जुने खोंड. सगळे ऐकून घेऊन त्यांनी पानाचा डबा उघडला आणि शांतपणे विचारले, "जावईबापू, टीम बंद केली म्हंजे काय केलं? पेठ हाय न्हवं जाग्यावर?"

मी म्हणालो, "पेठ कुठली? कंपनीची टीम होती ती."

"मग ती तुमची कवा हुती?"

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो एकदा जरूर पाहावा. हिवाळ्यात हंगाम सुरू होतो आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या संघांची नावे. पुष्कळशा संघांच्या नावांतच तालीम आहे. जिथे आजोबांनी लाल मातीत शड्डू ठोकला, त्याच तालमीच्या नावाने नातू चेंडू खेळतो. शाहू स्टेडियममध्ये प्रत्येक पेठेची बसण्याची जागा जणू ठरलेली. बायाबापड्यासुद्धा कोणाचा पोरगा कुठे खेळतो हे सांगतील. याला दुसरी बाजूही आहे. कधी ईर्ष्या हाताबाहेर जाते, डोकी फुटतात, सामने थांबवावे लागतात. ते काही मी कौतुकाने सांगत नाही. पण तिथला हंगाम संपताना मी सासऱ्यांचा चेहरा पाहिला आहे. मंडळ हरले होते. ते घरी आले, हातपाय धुतले, आणि पुढच्या साली बचावफळीत कोणाला घ्यावे याची चर्चा ओसरीवर सुरू झाली. पुढचे साल येणार की नाही, हा प्रश्नच तिथे कोणाला पडत नव्हता.

साहेबाच्या देशातही अशी एक गोष्ट घडलेली आहे. लंडनच्या विम्बल्डन भागातला जुना संघ तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिथल्या शौकिनांनी काय करावे? त्यांनी स्वतःचाच संघ काढला. उघड्या माळावर खेळाडूंची निवड केली आणि नवव्या पायरीपासून सुरुवात केली. नऊ वर्षांत तो संघ वर चढत व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेनवर नवे मैदान बांधून परत आला.

आणि आम्ही? नारिंगी जर्सी घातलेले आम्ही काही हजार लोक होतो. बातमी वाचून हळहळलो, एकमेकांना फोन केले, मालकांना नावे ठेवली आणि दूरदर्शनवर परदेशचे सामने पाहू लागलो. मीसुद्धा त्यातलाच. दहा वर्षे बालेवाडीला जाताना वाटेत खडकीच्या मैदानावर पोरे खेळताना दिसायची. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेची लीग वर्षानुवर्षे चालत आली आहे, पण तिचा एकही सामना पाहायला मी कधी स्कूटर थांबवली नव्हती. मला पेठ हवी होती, पण वर्गणी द्यायची नव्हती. सासऱ्यांचा प्रश्न मला लागला तो इथे.

२०२५ च्या त्या दिवाळीत देशातल्या सर्वोच्च लीगचाच हंगाम करारमदारांच्या घोळात अडकून ठरल्या वेळी सुरू झाला नव्हता. सगळ्या हिंदुस्थानच्या शौकिनांवर पुण्याची पाळी आली होती. जर्सी मांडीवर घेऊन मी बसलो होतो तेव्हा चिरंजीव आत आले. आता ते दहावीला आहेत. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत धाकट्या पोरांना रोज संध्याकाळी खेळवतात.

"बाबा, ही मला द्या ना. खालच्या मजल्यावरच्या छोट्याला होईल. त्याच्याकडे रंगीत जर्सी नाही, गर्दीत कोणाकडे पास द्यायचा तेच कळत नाही."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

संध्याकाळी गॅलरीतून पाहिले. वरून सुभेदारसाहेबांच्या काठीची टकटक चालू होती. खाली विटांचे गोलपोस्ट मांडलेले, आणि धुळीत एक नारिंगी ठिपका सैरावैरा धावतो आहे. जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली. खेळ थांबल्यावर त्या छोट्याने जर्सीची छाती ताणून त्यावरचे चिन्ह चिरंजीवांना दाखवले आणि विचारले, "दादा, ही कुठली टीम?"

चिरंजीवांनी क्षणभर वर, माझ्याकडे पाहिले.

"आपली," तो म्हणाला. "चल, खेळ."

त्यानंतरच्या रविवारी मी स्कूटर काढली आणि आम्ही दोघे जिल्ह्याच्या लीगचा सामना पाहायला गेलो. प्रेक्षक असतील चाळीस-पन्नास, तेही बहुतेक खेळाडूंचे आईबाप. तिकीट नव्हते. मध्यंतराला चिरंजीवांनी माझ्या कानाशी लागून विचारले, "बाबा, आपण कुणाच्या बाजूचे?"

दोन्ही संघांची नावे मला नवीन होती. मी शेजारच्या गृहस्थांना विचारले, "यातली आपल्या बाजूची पोरे कोणती हो?" त्यांनी बोट दाखवले, आणि आम्ही दोघे त्या बाजूला सरकून बसलो.