मुंबई मॅरेथॉनचा बिब हवाय?

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सीएसएमटीहून ४२.१९५ किमी पळायचं असेल, तर तयारी आदल्या वर्षीच सुरू होते. पूर्ण मॅरेथॉनला नुसते पैसे भरून भागत नाही. आधीच्या हाफ किंवा फुल मॅरेथॉनचं टायमिंग सर्टिफिकेट लागतं. म्हणून पुणे, ठाणे, सातारा, जवळ असेल तिथली चिप-टाइमिंग असलेली हाफ आधी उरकून घ्या. कोणत्या काळातलं सर्टिफिकेट चालतं, हे दरवर्षीच्या नियमावलीत बघा. जागा भरल्या, तरी चॅरिटी बिब असतो; देणगी मात्र भरघोस. दुसऱ्याच्या बिबवर पळायचं तर नावही काढू नका!

आणि शर्यतीच्या दिवशी सी लिंकवर भलतंच जोरात सुटू नका. पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, तिथे भलेभले चालायला लागतात.