गावाची ओळख, मुलांच्या शब्दांत

'माझे गाव' किंवा 'माझी शाळा' या विषयावर निबंध न लिहिता प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेला माणूस आपल्याकडे विरळाच. त्या निबंधातले गाव नदीकाठी वसलेले असते, त्याच्या भोवती हिरवीगार शेते असतात, मध्यभागी देऊळ असते आणि गावकरी गुण्यागोविंदाने नांदतात. गावात टँकरने पाणी येत असले तरी निबंधातली नदी मात्र बारमाही वाहते. शाळेचेही तसेच. इमारत भव्य, पटांगण विस्तीर्ण, शिक्षक प्रेमळ.

यात मुलांचा दोष नाही. हा निबंध वाचणारे गुरुजी त्याच शाळेत शिकवतात. त्यांना ना शाळेची माहिती हवी असते, ना गावाची. त्यांना शुद्धलेखन आणि वळणदार अक्षर तपासायचे असते. ज्याला सगळे आधीच ठाऊक आहे त्याला ओळख करून देण्याचा हा खटाटोप असल्यामुळे मुले खरे काही सांगण्याच्या फंदात पडत नाहीत. ओळख करून द्यायची तर समोर अनोळखी माणूस हवा, ही साधी गोष्ट आपण विसरलो. ती सुमारे शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेडेगावच्या शिक्षकाच्या लक्षात आली आणि त्यातून एक अध्यापनपद्धतीच उभी राहिली.

सेलेस्तँ फ्रेने हे त्या शिक्षकाचे नाव. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्यांना फार वेळ बोलता येत नसे. १९२०मध्ये त्यांची नेमणूक बार-स्यूर-लू या दक्षिण फ्रान्समधल्या डोंगराळ गावी झाली. गाव कडू संत्र्यांच्या फुलांचे. ही फुले जवळच्या ग्रास शहरातल्या अत्तराच्या कारखान्यांकडे जात. दिवसभर व्याख्यान देणे शक्य नसल्याने फ्रेने मुलांना घेऊन बाहेर पडत. विणकराच्या मागाशी, सुताराच्या दुकानाशी थांबत, परत आल्यावर पाहिलेल्या गोष्टींबद्दल मुलांनी सांगितलेला मजकूर फळ्यावर लिहीत. पण संध्याकाळी फळा पुसला जाई आणि मुलांच्या हाती पुन्हा क्रमिक पुस्तक येई. त्यातल्या धड्यांचा बार-स्यूर-लूशी काडीचाही संबंध नसे.

१९२४मध्ये फ्रेने यांनी एक छोटे हातमुद्रणयंत्र वर्गात आणले. मुले शिशाचे खिळे जुळवून स्वतःचा मजकूर छापू लागली. खिळे उलटे असतात आणि एकेक अक्षर हाताने उचलून लावावे लागते. त्यामुळे शब्द लिहिताना होणारी हयगय इथे चालत नाही. शुद्धलेखनाचा तास न घेता शुद्धलेखन साधत असे, असे म्हणायला हरकत नाही. छापलेली पाने एकत्र बांधून वर्गाचे पुस्तक तयार होई. पण खरा बदल घडला तो ही पाने टपालाने बाहेर जाऊ लागली तेव्हा. फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगंक येथे रने दानिएल नावाचे शिक्षक होते. १९२०च्या दशकाच्या मध्यावर या दोन वर्गांत नियमित देवघेव सुरू झाली.

एकीकडे डोंगर, दुसरीकडे अटलांटिक महासागर. संत्र्याची फुले कशी वेचतात, हे बार-स्यूर-लूमधल्या मुलांना सांगण्याजोगे कधी वाटलेच नव्हते, कारण गावात ते सर्वांनाच ठाऊक होते. समुद्रकाठच्या मुलाला मात्र त्यातले काहीच ठाऊक नव्हते. मग किती वाजता उठतात, झाडाखाली काय अंथरतात, असे प्रश्न उभे राहतात आणि उत्तर देणाऱ्याला आपल्याच घरी जाऊन पुन्हा एकदा नीट पाहावे लागते. या पद्धतीचे मर्म छपाईयंत्रात नाही, या परत जाऊन पाहण्यात आहे, असे मला वाटते. पुढे या शिक्षकांचे जाळे विस्तारले आणि मुलांच्याच लेखनातून निवडलेल्या मजकुराचे 'ला जेर्ब' हे नियतकालिक १९२७मध्ये निघाले.

गावाची खरी ओळख गावाला नेहमीच रुचते असे नाही. १९२८मध्ये फ्रेने जवळच्या सँ-पोल या गावी गेले. तिथल्या शाळेची अवस्था वाईट होती आणि त्यावरून नगरपालिकेशी त्यांचे खटके उडत. अशात एका विद्यार्थ्याने आपल्याला पडलेले स्वप्न लिहिले. स्वप्नात मुले शाळेसाठी लागणाऱ्या साहित्यावरून महापौरांच्या विरोधात उठतात आणि त्यांना ठार करतात. मजकूर इतर मजकुरांसारखाच छापला गेला. १९३२च्या अखेरीस त्याचीच भित्तिपत्रके गावात लागली, उजव्या वृत्तपत्रांनी रान उठवले, शाळेसमोर जमाव जमू लागला. १९३३मध्ये फ्रेने यांना त्या शाळेतून हलवण्यात आले. त्यांनी सरकारी नोकरीबाहेर पडून व्हाँस येथे १९३५मध्ये स्वतःची शाळा काढली. वर्गातला मजकूर बाहेर जाणार असेल तर कोणता छापावा आणि कोणता नाही, हा प्रश्न त्या प्रकरणाने शिक्षकांपुढे उभा केला. आजच्या समाजमाध्यमांच्या काळात तर तो अधिकच टोकदार झाला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत इटलीतल्या तरुण शिक्षकांनी उचलली. मारियो लोदी हे त्यांतले एक. क्रेमोनाजवळ, पो नदीच्या सपाट खोऱ्यात पिआदेना नावाचे लहानसे गाव आहे. त्याला लागून असलेल्या व्हो या वस्तीत, म्हणजे आपल्या जन्मगावीच, लोदी १९५६पासून १९७८पर्यंत प्राथमिक शाळेत शिकवत होते. वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या चिमण्यांवरून मुलांसोबत रचलेली 'चिपी' ही त्यांची गोष्ट इटलीत आजही वाचली जाते.

लोदी १९६३च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील डोंगरातल्या बार्बियाना येथे गेले. लोरेन्झो मिलानी हे धर्मगुरू १९५४च्या डिसेंबरात तिथे पाठवले गेले, तेव्हा त्या विखुरलेल्या वस्तीत वीज नव्हती, पाणी नव्हते, धड रस्ताही नव्हता. प्राथमिकनंतर शिक्षण सुटलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी चर्चच्याच घरात शाळा चालवली होती. आपल्या दोन वर्गांनी एकमेकांना पत्रे लिहावीत, ही कल्पना लोदींनी मांडली. १ नोव्हेंबर १९६३ या तारखेचे बार्बियानाच्या मुलांचे पत्र म्हणजे शाळेची ओळख कशी असावी याचा वस्तुपाठच होय.

या पत्रात शाळा भव्य नाही आणि परिसर रम्यही नाही. त्यात आकडे आहेत. वर्गाच्या दोन खोल्या, शिवाय सुतारकाम-लोहारकामाच्या दोन. एकूण २९ विद्यार्थी. २६ मुलगे आणि फक्त ३ मुली. सर्वांत लहान ११ वर्षांचा, सर्वांत मोठा १८चा. एक मुलगा जंगलवाटेने येताना सुमारे दोन तास आणि जाताना तितकेच चालतो. शाळा सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात, वर्षाचे ३६५ दिवस, लीप वर्षात ३६६. मधली सुट्टी नाही. बर्फ पडल्यावर तासभर घसरगुंडी आणि उन्हाळ्यात स्वतः बांधलेल्या टाक्यात तासभर पोहणे असते, पण त्याला ते खेळ न म्हणता विषय म्हणतात. शिक्षक किती? तेवीस. सर्वांत लहान सात जण सोडले तर बाकी प्रत्येक जण आपल्यापेक्षा धाकट्यांना शिकवतो. शाळेत येण्याची कारणेही मुलांनी सजवलेली नाहीत. गावातली मुले आधी शेतातल्या कामातून सुटका व्हावी आणि एकटेपण टळावे म्हणून आली, हे ती सरळ सांगून टाकतात. 'मला शिकून मोठे व्हायचे आहे' हे वाक्य लिहिणे किती सोपे होते!

हे पत्र सर्वांनी मिळून लिहिले. प्रत्येकाचे म्हणणे घ्यायचे, त्याची जुळणी करायची, निरर्थक ते काढायचे, एकेका शब्दावर वाद घालायचा. इतक्या वर्षांच्या अध्यापनात मुलांबरोबर लेखनकलेचा अभ्यास करण्याची इतकी संधी आपल्याला मिळाली नव्हती, अशा आशयाचे मिलानींनी लोदींना दुसऱ्याच दिवशी कळवले. याच सामूहिक पद्धतीने बार्बियानाच्या आठ मुलांनी लिहिलेले 'एका शिक्षिकेस पत्र' हे पुस्तक मे १९६७मध्ये निघाले. गरिबांच्या मुलांना नापास करणाऱ्या शाळेवरच्या त्या आरोपपत्राने इटलीत खळबळ उडवली. पुढच्याच महिन्यात मिलानींचे निधन झाले.

महाराष्ट्रात अशा देवघेवीला लागणारे साहित्य अजिबात दुर्मीळ नाही. शाळांत हस्तलिखिते निघतात. तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार निघाली. शाळेबाहेरच्या जगाशी ज्ञानाची सांगड घालण्याचा आग्रह २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आहे. पण हस्तलिखित प्रदर्शनाच्या टेबलावर राहते, आणि जिल्ह्याचे पुस्तक त्याच जिल्ह्यातले मूल वाचते. दुसऱ्या टोकाला वाट पाहणारा वर्ग काही असत नाही. शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर जाणारी छायाचित्रे शिक्षकांनी काढलेली, बहुधा उद्घाटनाची किंवा वृक्षारोपणाची असतात.

समजा, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या चौथीच्या वर्गाने सिंधुदुर्गातल्या चौथीला आपल्या शाळेची ओळख करून द्यायचे ठरवले. पटसंख्या लिहितानाच पहिली अडचण येईल, कारण कोणत्या महिन्यातली पटसंख्या लिहायची? दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांच्याबरोबर काही मुले जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. मग 'कोयता' म्हणजे नुसते हत्यार नव्हे, तर एकत्र तोडणी करणारी नवरा-बायकोची जोडीसुद्धा, हे सांगावे लागेल. मुकादमाची 'उचल' काय असते, तेही. हे शब्द त्या मुलांनी जन्मापासून ऐकलेले असतात, आणि तरी त्यांचा अर्थ चार ओळींत मांडायचा तर घरी विचारूनच यावे लागेल. कोकणातून उलट टपाली प्रश्न येतील: तुम्ही परत येता तेव्हा परीक्षा झालेली असते का? तुमच्या बाकावर तोवर कोण बसते? आणि त्यांच्या पत्रात कुणगा हा शब्द आला, किंवा बाबा मुंबईला असतात आणि गणपतीला येतात असे वाक्य आले, की बीडच्या वर्गालाही विचारायला पुष्कळ काही मिळेल.