फोनची बॅटरी थकली. बदलायची की फोनच बदलायचा?

बेलापूर (ता. श्रीरामपूर) : ई-पीक पाहणीचे ॲप उघडून शेतकरी बांधावर उभा राहतो. पडद्यावर ३० टक्के चार्जिंग दिसत असते. पिकाचा फोटो घेण्यासाठी कॅमेरा सुरू केला, की फोन बंद! घरी येऊन चार्जरला लावला, तर तो पुन्हा २५-३० टक्के दाखवतो. प्रवराकाठच्या ऊसपट्ट्यात रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला जाणाऱ्यांसाठी तर फोन म्हणजे विजेरी, मोटारीचा ऑटो-स्टार्टर चालवण्याचे साधन आणि बिबट्याच्या वावरात घरच्यांशी असलेला एकमेव संपर्क. तो मध्येच बंद पडणे ही केवळ गैरसोय राहत नाही. दोन-तीन वर्षे वापरलेल्या फोनबाबत म्हणूनच प्रश्न पडतो, की हजार-दीड हजारात बॅटरी बदलून घ्यावी, की पंधरा हजारांचा नवा फोन घ्यावा?

बॅटरी थकते म्हणजे नेमके काय होते?

आजच्या सर्व स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. १९९१मध्ये सोनी कंपनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. चार्ज होताना लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसरीकडे जातात, वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडे लिथियम आतल्या थरांत अडकून पडते. त्यामुळे क्षमता घटते आणि बॅटरीचा अंतर्गत विरोधही वाढतो.

३० टक्क्यांवर फोन बंद पडण्याचे कोडे या दुसऱ्या कारणात आहे. कॅमेरा, फ्लॅश, जीपीएस एकदम सुरू झाले की फोन मोठा विद्युतप्रवाह मागतो. थकलेल्या बॅटरीचा दाब त्या क्षणी इतका खाली येतो, की फोन स्वतःला बंद करून घेतो. बॅटरीत वीज असते, पण ती हव्या त्या वेगाने बाहेर येत नाही. थंडीच्या पहाटे हे जास्त होते. ॲपलने अशा जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केल्याचे डिसेंबर २०१७मध्ये मान्य केले, तेव्हा जगभर ओरड झाली आणि कंपनीला बॅटरी बदलण्याचे शुल्क बरेच उतरवावे लागले. नवी बॅटरी घातली की तेच फोन पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालू लागले.

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. ४० अंशांत पूर्ण भरलेली ठेवलेली बॅटरी वर्षभरात सुमारे एक तृतीयांश क्षमता गमावू शकते. मे महिन्यात दुचाकीच्या मोबाइल होल्डरमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर उन्हात तापणारा फोन वर्षभरातच म्हातारा का होतो, याचे उत्तर इथे आहे.

आधी हे तपासा

प्रत्येक वेळी दोष बॅटरीचाच असतो असे नाही. चार्जिंगच्या खाचेत बसलेली धूळ आणि खिशातला कापूस हे ग्रामीण भागातले नेहमीचे कारण. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने ती हलक्या हाताने साफ करावी, सुई घालू नये. दुसऱ्या केबलने आणि चार्जरने चार्ज करून पाहावे. रेंज कमी असलेल्या ठिकाणी फोन टॉवर शोधण्यात जास्त वीज खर्च करतो. घरी दिवसभर पुरणारी बॅटरी उसाच्या फडात दुपारीच संपत असेल, तर दोष रेंजचाही असू शकतो. सेटिंगमधील बॅटरी वापराच्या यादीत एखादेच ॲप सर्वात वर दिसत असेल, तर आधी ते काढून पाहावे.

आयफोनमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता सेटिंगमध्येच दिसते. काही नव्या अँड्रॉइड फोनमध्येही ही सोय आहे, तर सॅमसंगच्या फोनमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपमधून तपासणी करता येते. क्षमता ८० टक्क्यांखाली गेली, की बदलाचा विचार सुरू करावा. आयफोन १४पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्याचे ॲपल सांगते. आयफोन १५पासून हा आकडा एक हजार आहे. दोन दिवस निम्मी-निम्मी बॅटरी वापरली तर ती एक फेरी धरली जाते.

मागचे झाकण किंवा पडदा कडेने उचलला गेला असेल, फोन टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, तर मात्र तपासणीत वेळ घालवू नये. ती फुगलेली बॅटरी आहे. फोन चार्ज करणे थांबवावे, दाबून बसवू नये आणि उशाखाली तर अजिबात ठेवू नये.

खर्चाचे गणित

उदाहरणादाखल, १४ हजारांचा नवा फोन तीन वर्षे वापरला तर महिन्याला सुमारे ३९० रुपये पडतात. दीड हजारांची बॅटरी दोन वर्षे चालली तर महिन्याला ६३ रुपये. आकड्यांकडे पाहता निर्णय सोपा वाटतो, पण बॅटरीने सगळेच दुखणे बरे होत नाही. मेमरी भरून फोन रखडत असेल किंवा कंपनीने सुरक्षा अपडेट देणे थांबवून बराच काळ झाला असेल, तर यूपीआय आणि बँकेचे व्यवहार ज्या फोनवर होतात त्यावर पैसे घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पडदा, स्पीकर शाबूत आणि अपडेट अजून येत असतील, तर बॅटरी बदलणेच शहाणपणाचे.

कुठे बदलावी?

पहिला पर्याय कंपनीचे अधिकृत केंद्र. नकाशावर नुसते ‘बेलापूर’ शोधले तर नवी मुंबईतले बेलापूर समोर येऊ शकते, त्यामुळे श्रीरामपूर किंवा अहिल्यानगर असे शोधावे. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाचेच नाव बेलापूर असल्याने हा गोंधळ इथल्या लोकांना नवा नाही. जाण्याआधी फोन करून आपल्या मॉडेलची बॅटरी शिल्लक आहे का, हे विचारावे. नाहीतर फेरी आणि मजुरी दोन्ही बुडते.

गावातल्या दुकानदाराकडे जाण्यात गैर काही नाही. अनेकांचा हात सफाईदार असतो, प्रश्न मालाचा असतो. भारतात अशा बॅटऱ्यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर ‘आयएस १६०४६’ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. मूळ बॅटरी ५,००० एमएएचची असताना त्याच आकाराच्या बॅटरीवर ७,००० लिहिलेले असेल, तर ती खोटीच समजावी. उत्पादनाची तारीखही पाहावी, कारण न वापरता पडून राहिलेली बॅटरीही थकते. जलद चार्जिंगच्या फोनमध्ये स्वस्त पर्यायी बॅटरी बसवली, तर जलद चार्जिंग बंद पडण्याची शक्यता असते, हे आधीच विचारून घ्यावे.

बॅटरी किती जिवावर उठू शकते, हे २०१६मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ने दाखवले. तो फोन बाजारातूनच मागे घ्यावा लागला. त्याआधी २००७मध्ये नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीबाबत इशारा निघाला होता, ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत. तेव्हा निदान झाकण उघडून बॅटरी हातात घेता येत होती. आता ती गोंदाने चिकटवलेली असते आणि ती काढताना पडदा फुटण्याची किंवा बॅटरीला भोक पडून आग लागण्याची भीती असते. यूट्यूब पाहून घरी हा प्रयोग करू नये. युरोपीय महासंघात १८ फेब्रुवारी २०२७पासून वापरकर्त्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी देण्याचा नियम, काही सवलतींसह, लागू होत आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. तिथे अनेक कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती मिळते.

फोन देताना आणि घेताना

फोटो आणि संपर्कांची प्रत आधी काढून ठेवावी, सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. यूपीआयचा पिन कोणालाही सांगू नये. सॅमसंगसारख्या काही फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा ‘मेंटेनन्स मोड’ असतो, तो वापरावा. शक्य असेल तर काम समोर करून घ्यावे. परत घेताना दुकानातच कॅमेरा, बोटाचा ठसा, स्पीकर, चार्जिंग तपासावे. एकदा उघडलेला फोन पूर्वीइतका पाणीरोधक राहीलच असे नाही, त्यामुळे पावसात जपावे. बॅटरीची हमी लिहिलेले पक्के बिल घ्यावे; वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करताना तेच कामी येते.

जुनी बॅटरी घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. चेपली तर पेट घेते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती सेवा केंद्रातच जमा करावी. फुगलेली असेल तर तोवर मुलांपासून दूर, वाळूच्या डब्यात ठेवावी.